ताटाळ्यातला लॅपटॉप

बुलढाण्याच्या बसस्टँडसमोर मी अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. गेल्या वर्षी शटर शेवटचं ओढलं. एवढ्या वर्षांत "माझ्या संगणकाची प्रणाली नव्याने बसवून द्या" असं एकही माणूस म्हणाला नाही. लोक यायचे, काउंटरवर लॅपटॉप ठेवायचे आणि म्हणायचे, "भाऊ, विंडोज मारून द्या." आमच्याकडे विंडोज मारतात. भिंतीला रंग मारतात तशीच.

आणि खरं सांगायचं तर विंडोज मारणं हे फार मोठं काम नव्हेच. पेन ड्राइव्ह लावायचा, चार बटणं दाबायची आणि शेजारी जाऊन चहा पिऊन यायचं. गंमत सुरू होते ती त्यानंतर. पडद्यावर नवी कोरी विंडोज हजर असते, पण अक्षरं भोपळ्याएवढी दिसतात, आवाज नसतो, वायफाय नसतं. आतल्या यादीत पाहावं तर ओळीनं पिवळे त्रिकोण, त्यात उद्गारचिन्हं. म्हणजे ड्रायव्हर नाहीत.

हे ड्रायव्हर प्रकरण काय ते आधी सांगतो. आपलं गाव कचेऱ्यांचं, तेव्हा कचेरीतलंच सांगावं. नवा साहेब बदलून येतो. हुशार असतो, शिकलेला असतो. पण कोणती फाईल कोणत्या कपाटात, आणि कोणत्या कपाटाचं दार जरा उचलून ओढावं लागतं, हे त्याला कुठून ठाऊक? ते जुन्या शिपायाला ठाऊक. विंडोज म्हणजे तो नवा साहेब आणि ड्रायव्हर म्हणजे शिपाई. आवाजाचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा. शिपाई जागेवर नसला की साहेब नुसता खुर्चीवर बसून राहतो.

हे शिपाई शोधून आणणं, ही माझी खरी कमाई. त्यासाठी माझी तीन हत्यारं होती. एक शाळकरी वही, तिच्यात मी प्रत्येक यंत्राच्या पोटाखालचा नंबर लिहून ठेवायचो. एक पेढ्याचा डबा, त्यात ड्रायव्हर भरलेले पेन ड्राइव्ह. आणि तिसरं म्हणजे एक स्टीलचं ताटाळं. आमच्या सौ. लतानं स्वयंपाकघरातून काढून टाकलेलं. ताटं ठेवायच्या त्या खाचांमध्ये मी गिऱ्हाइकांचे लॅपटॉप उभे करून ठेवायचो. एका ताटाळ्यात बारा लॅपटॉप मावायचे, एकमेकांना खरचटायचे नाहीत, धूळही कमी बसायची. लोक हसायचे. एक वकीलसाहेब म्हणाले होते, "भाऊ, जेवायले बसवता का याहिले?" मी म्हटलं, "नाही साहेब, जेवण झालं, आता धुऊन ठेवले."

माझा स्वभाव तसा तापट. पण गिऱ्हाईक असं भेटायचं की तापून भागायचं नाही. एका खेड्यातले रिटायर गुरुजी होते. त्यांच्या कॉम्प्युटरला विंडोज मारली, तर वायफायचा ड्रायव्हर माझ्या डब्यात नव्हता. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, तो इंटरनेटवरून उतरवावा लागते."

"मंग उतरव ना."

"पण इंटरनेट चालू व्हायले तोच ड्रायव्हर लागते."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे विहिरीत उतरायचा दोर विहिरीतच पडेल हाय."

पस्तीस वर्षं चौथीला गणित शिकवलेला माणूस, एका वाक्यात मोकळा झाला. हेच मी गिऱ्हाइकांना अर्धा तास समजावत बसायचो. मग मी माझा मोबाईल वायरनं त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला, मोबाईलचं इंटरनेट त्याला दिलं आणि ड्रायव्हर ओढून घेतला. गुरुजी म्हणाले, "हाव, शेजाऱ्याचा दोर." ते वाक्य मी पुढं आयुष्यभर वापरलं, अगदी माझंच असल्यासारखं.

दुसरे शेगावचे एक लॉजवाले. त्यांच्याकडे मुक्कामी येणाऱ्या भक्तांचा फोटो काउंटरवरच्या लॅपटॉपनं काढायची पद्धत होती. मी विंडोज मारून दिली, कॅमेऱ्याचा ड्रायव्हरही टाकला, कॅमेरा लागला, मी खूश. घाईत होतो म्हणून पडद्याकडे नीट पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन, "भाऊ, लोकं उलटे येऊन राह्यले."

"कुठून उलटे येऊन राह्यले? स्टेशनावरून?"

"अरे फोटोत! पाय वर, डोकं खाली!"

त्या मॉडेलमध्ये कंपनीनं कॅमेरा उलटा बसवला होता आणि त्याला सरळ करणारा ड्रायव्हर खास त्याच मॉडेलचा होता. मी जवळपासच्या मॉडेलचा टाकला होता. पण त्या बहाद्दरानं दोन दिवस काय केलं असेल? लॅपटॉप उलटा धरला! एक नोकर लॅपटॉप पंख्यासारखा उलटा धरून उभा आणि मालक फोटो काढतोय. मी गेलो तेव्हा एक आजीबाई हात जोडून त्या उलट्या लॅपटॉपसमोर उभ्या होत्या, त्यांना वाटलं दर्शनाचीच काही रीत असेल. मी वहीतला नंबर पाहून बरोबर ड्रायव्हर टाकला, लोक सरळ झाले. तेव्हापासून कानाला खडा, नंबर पाहिल्याशिवाय ड्रायव्हर टाकायचा नाही.

या असल्या कामांनी मला एक गर्व चढला होता. काहीही बिघडलं की मी यंत्राला हात लावायच्या आधी म्हणायचो, "ड्रायव्हर." आणि दहातल्या नऊ वेळा तसंच निघायचं. त्या दहाव्या वेळेची गोष्ट सांगायला मी हे लिहायला बसलो आहे.

वंदना ही देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यातली मुलगी. मुलगी म्हणतो, पण तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. जन्मापासून दिसत नाही. अंधशाळेत शिकली, बी. ए. झाली, टायपिंग असं करायची की कळांवर मका भाजल्याचा आवाज यावा. तिचा लॅपटॉप वाचून दाखवायचा. त्यात एक सॉफ्टवेअर होतं, पडद्यावर जे येईल ते बोलून सांगणारं. ते इतक्या वेगानं बोलायचं की मला एक शब्द कळायचा नाही. वंदना म्हणायची, "काका, तुम्ही डोळ्यानं कसे भरभर वाचता? मी कानानं वाचतो." आमच्याकडे कितीक बायका बोलताना 'मी वाचतो, मी जातो' असंच म्हणतात.

नवरात्रात ती आईला घेऊन आली. लॅपटॉप भलताच हळू झाला होता. तिला एका कंपनीची परीक्षा द्यायची होती, घरबसल्या कामाची. रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता, ऑनलाइन. बाराला जो हजर नाही त्याची पाळी गेली.

"याच्या आधी दोन जागी गेल्तो, काका," ती म्हणाली. "दोन्हीकडं माह्याशी कोणी बोललंच नाही. आईलेच विचारे, हिले काय काय जमते म्हणून. इथं मले कोणी पाहणारच नाही. फक्त काम पाहणार."

मी म्हटलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ने. राजधानी एक्सप्रेससारखा पळवून देतो."

अष्टमीला मी तिची विंडोज मारली. एरवी मी आवाजाचा ड्रायव्हर सगळ्यात शेवटी टाकायचो, कारण दिसणाऱ्या माणसाचं आवाजावाचून तासभर अडत नाही. तिचा मात्र सगळ्यात आधी टाकला. तिचं बोलणारं सॉफ्टवेअर बसवलं, ऐकून पाहिलं, वहीत लिहिलं, 'वंदना, आवाज ठणठणीत'. संध्याकाळपर्यंत विंडोजचे अपडेट चालू ठेवले आणि लॅपटॉप बंद करून ताटाळ्यात उभा केला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या दुकानात ती पूजा जोरात व्हायची. पेचकस, पक्कड, मीटर, वही, पेढ्याचा डबा, सगळ्यांना हळदकुंकू. आणि माझी एक रीत होती, ताटाळ्यातले गिऱ्हाइकांचे लॅपटॉपही पूजेत घ्यायचे. त्यांच्यावरच आमची चूल पेटते, त्यांना कसं वगळायचं? लता फुलं वाहायची आणि अक्षता मी टाकायचो, हात सैल सोडून, लग्नातल्यासारख्या. दसऱ्याला दुकान बंद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मायलेकी आल्या. आईनं माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. मी लॅपटॉप ताटाळ्यातून काढला, त्यावरचं झेंडूचं फूल बाजूला केलं, चालू केला आणि वंदनापुढं ठेवला. तिनं बोटं कळांवर ठेवली, मान जरा तिरकी केली आणि थांबली. थांबलीच.

"काका, चालू हाय ना?"

"हाव, चालू हाय. पडदा लागला."

"मंग बोलत काऊन नाही?"

मी आवाजाचं बटण दाबलं, पुरता वाढवला. काही नाही. माझ्या तोंडातून शब्द ठरलेलाच निघाला, "ड्रायव्हर! अपडेटनं आपल्या मनानं बदलला असल. पंधरा मिनिटं बस, बाई."

हे काही मी उगीच बोललो नव्हतो. विंडोज असा आगाऊपणा करते खरी. चांगला चालता ड्रायव्हर काढून नवा घालते आणि आपण बसतो बोंबलत. वंदनानं पिशवीतून हेडफोन काढला. "काका, हा लावून पाहू का?"

"थांब वं! स्पीकरच बोलून नाही राह्यला तर हेडफोन काय बोलणार? पंचवीस वर्षं झाली मले या धंद्यात."

तिनं गपचूप हेडफोन मांडीवर ठेवला. आज ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अपडेटनं टाकलेला ड्रायव्हर काढून जुना लावला. लॅपटॉप बंद करून चालू केला. मुका. डब्यातल्या पेन ड्राइव्हवरचा टाकला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मुका. वहीत नंबर पाहून कंपनीच्या साइटवरून नेमका त्याच मॉडेलचा उतरवला. मुका. यादीत एकही पिवळा त्रिकोण नाही. सगळे शिपाई आपापल्या जागी उभे आणि साहेबाच्या तोंडून शब्द नाही! पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरच्या जागी 'हेडफोन' असं लिहिलेलं मला दिसत होतं. यंत्र मला मोठ्या अक्षरात सांगत होतं की हेडफोनच्या भोकात काहीतरी घातलेलं आहे. पण मी म्हटलं, हेडफोन तर पोरीच्या मांडीवर आहे, म्हणजे हा ड्रायव्हरच खोटं बोलतोय.

सव्वाअकरा झाले. वंदनाची आई इतका वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, होईल ना?"

"होईल ना, बाई! मंतर थोडेच मारायचे हायेत?" मी खेकसलो. बिचारी पदर सावरून मागं सरकली. त्या पोरीनं पहिल्यांदा अशी जागा शोधली होती जिथं तिच्याकडे कुणी पाहणार नव्हतं, आणि ती जागा माझ्या काउंटरवर तिच्या हातची जात होती.

शेवटी मी ठरवलं, पुन्हा विंडोज मारायची. तासाचं काम, हातात पाऊण तास. शुद्ध वेडेपणा होता, पण दुसरं सुचत नव्हतं. पेन ड्राइव्ह आणायला मी वळलो. तेवढ्यात वंदनानं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, कडेवरून बोटं फिरवली आणि मला न विचारता हेडफोनची पिन घातली.

"काका, थांबा."

"आता काय?"

"पिन बसून नाही राह्यली. रोज टक्कन बसते. आज मधातच अडली."

"दाब जरा."

"नाही दाबत. आत काही हाय."

मी मोबाईलचा दिवा लावून भोकात डोकावलो. आत लाल दिसलं. भोकात लाल काय असतं? मी बारीक चिमटा घेतला, श्वास धरला आणि ओढलं. बाहेर आला तो कुंकवात भिजून वाळलेला तांदळाचा दाणा. माझ्याच हातची अक्षता! ताटाळ्यात लॅपटॉप उभा, हेडफोनचं भोक वर, आणि मी लग्नातल्यासारख्या उधळल्या होत्या. दाणा आत पिनेनं दबणाऱ्या पट्टीवर जाऊन बसला, यंत्राला वाटलं हेडफोन लावला, आणि त्यानं आपले स्पीकर इमानदारीनं बंद केले. ड्रायव्हर बिचारे तिन्ही बरोबर होते.

हे सगळं मला नंतर उमगलं. कारण दाणा निघाला त्याच क्षणी लॅपटॉप ओरडला. आवाज मी पुरता वाढवून ठेवला होता ना! तडातडा, तडातडा, काय बोलत होता देव जाणे, पण असा बोलत होता की पलीकडचा चहावाला किटली घेऊन पाहायला आला. वंदनाची आई उठून उभी राहिली. "बोललं! बोललं व माय!"

वंदना कान देऊन ऐकत होती आणि हसत होती. "काका, हा म्हणून राह्यला, ड्रायव्हर यशस्वीपणे बसवला. तीन डाव म्हणून राह्यला."

मी चिमटा तसाच धरून उभा. लपवता आलं असतं. कचरा होता म्हणून उडवून लावता आलं असतं. पण माझ्याच्यानं झालं नाही. मी सांगितलं, खंडेनवमीची पूजा, ताटाळं, माझा सैल हात, सगळं.

"म्हणजे तुम्ही याच्या कानात तांदूळ टाकला," वंदना म्हणाली, "आन् दोन तास ड्रायव्हरले शिव्या देल्ल्या?"

"हाव."

"आन् मले म्हणे, थांब वं!"

ती इतकी हसली की टेबल हललं. तिची आईही हसली, मग चहावाला, आणि शेवटी मीही. त्या हसण्यात माझा पंचवीस वर्षांचा गर्व वाहून गेला आणि खरं सांगतो, फार हलकं वाटलं. दाणा मी टाकायला निघालो तर आई म्हणाली, "भाऊ, टाकू नका. देवाचा हाय." तिनं तो पदराच्या टोकाला बांधला.

पावणेबारा झाले होते. घरी जाणं शक्यच नव्हतं. मी मागच्या खोलीतले खोके पायानं बाजूला सारले, टेबल पुसलं, इंटरनेटची वायर जोडून दिली. बारा वाजता वंदना परीक्षेला बसली. मी शटर अर्धं ओढलं आणि पायरीवर राखणीला बसलो. सव्वा तास मी त्या बसस्टँडसमोर शांतता राखायचा प्रयत्न केला, आता बोला! येईल त्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून दाखवायचो. एका पहिलवान गड्यानं खाणाखुणा करून विचारलं, "कोणी गेलं काय?" मी खाणाखुणा करून सांगितलं, परीक्षा आहे. तर तोही माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यांवर डोळे वटारू लागला. आतून मका भाजल्याचा आवाज अखंड येत होता. तो आवाज थांबला की मी शटरखालून आत डोकावायचो, सुरू झाला की पुन्हा सरळ बसायचो.

वंदना बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. "बरी गेली," एवढंच म्हणाली.

आठ-दहा दिवसांनी दुकानात फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही, नुसतं, "काका, लागली!" मी काउंटरवर बसून रडलो. समोर प्रिंटर घेऊन आलेला माणूस घाबरला, त्याला वाटलं त्याचा प्रिंटर गेला.

पुढच्या खंडेनवमीला मी पूजेचा सगळा बंदोबस्त बदलला. लॅपटॉप ताटाळ्यातून काढले, सतरंजीवर आडवे ठेवले, वर स्वच्छ टॉवेल. लता म्हणाली, "देवाले टॉवेलवरून पुजता का?" मी म्हटलं, "पुजतो. मले आता तोंड दाखवायले जागा पाहिजे." अक्षतांची वाटी मी तिच्याच हातात देऊन टाकली होती. आपण नुसते हात जोडायचे, असं ठरवलं होतं.

आरती सुरू होणार तेवढ्यात दारात वंदना उभी. या खेपेला एकटी, हातात काठी, पाठीवर बॅग. बसनं आली होती. बॅगेतून लॅपटॉप काढला. कंपनीनं दिलेला, नवा कोरा. काउंटर चाचपत आली आणि हातानं ताटाळं शोधून काढलं. रिकाम्या खाचेत लॅपटॉप उभा केला. कडेवरून बोट फिरवलं, भोक सापडलं, त्यावर अंगठा घट्ट दाबून धरला आणि माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाली,

"हं काका, टाका आता अक्षता. भरपूर टाका."